ब्रास मोजले, गाव कोण मोजणार?

गोदावरी बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहते. गेवराई, माजलगाव, परळी तालुक्यांतल्या काठच्या गावांना वाळू उपसा नवा नाही. लिलावात मोजतात ते ब्रास. उपशाने गावाचे जगणे सुधारले की खालावले, हेही मोजता येते आणि ते मोजायलाच हवे.

सुरुवात विहिरीपासून करावी. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, म्हणजेच सुमारे 2,830 लिटर आकारमान. भिजलेल्या जाड वाळूतून त्याच्या साधारण पाव हिस्सा, म्हणजे 700 लिटर पाणी निथळून मिळते. वाळूच्या थराखाली ते उन्हापासून बचावते. उपशानंतर खड्ड्यात पाणी साचते खरे, पण ते उघड्यावर वाफ होऊन जाते. पात्र खोल गेले की काठच्या विहिरींचे पाणीही नदीकडे झिरपू लागते. वरच्या अंगाला पैठणचे जायकवाडी धरण बरीचशी वाळू अडवून धरते, त्यामुळे ही झीज लवकर भरून निघत नाही. म्हणून वाळूघाट सुरू होण्याआधी आणि नंतर, दर मे महिन्यात, विहिरींची पातळी नोंदवावी. जवळच्या उपसा नसलेल्या गावातही तेच करावे, म्हणजे दुष्काळाचा दोष वाळूवर आणि वाळूचा दुष्काळावर जाणार नाही.

माणसांची पाहणी याहून अवघड. नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकात 12 निकष आहेत. त्यात पिण्याचे पाणी आणायला लागणारा वेळ आहे, पण नदीतला खड्डा नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये गेवराई तालुक्यातल्या शहाजानपूर चकला येथे सिंदफणा नदीच्या पात्रातल्या अशाच खड्ड्यात बुडून चार मुले दगावली. नदीवर मुलांना एकटे पाठवता येते का, हा प्रश्न पाहणीत उत्पन्नाइतकाच वरचा हवा. उत्पन्नाची सरासरी तर फसवीच असते. एका घरापुढे वाळूचा हायवा ट्रक उभा राहिला की कागदावर अख्खी वस्ती सधन दिसते.

बीडमध्ये आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. जानेवारीत पाहणी केली तर अनेक घरांना कुलूप भेटेल आणि ज्यांच्या वाट्याला वाळूचा पैसा कमी, पाण्याचा त्रास जास्त, तेच नेमके सुटतील. बायकांना वेगळे बसवून विचारावे. घागरीची खेप किती लांबली, हे त्याच सांगू शकतात.

2015 च्या खाण कायद्यातल्या दुरुस्तीने खाणबाधितांच्या हितासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. 2024 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी या प्रतिष्ठानांमार्फत चालणाऱ्या प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेत आधी पायाभूत पाहणी आणि मग पाच वर्षांचा आराखडा असा क्रम घालून दिला. गोदाकाठच्या प्रत्येक घाटाला हाच क्रम लावावा आणि पाहणीचे आकडे लिलावाच्या आधी ग्रामसभेत वाचून दाखवावेत.