एका पक्ष्यासाठी अनेक शास्त्रे

काही प्रश्नांचे कारण एका शास्त्राच्या कक्षेत, परिणाम दुसऱ्याच्या आणि उपाय तिसऱ्याच्या कक्षेत असतो. अशा प्रश्नांवर निरनिराळ्या विषयांचे जाणकार मिळून जो अभ्यास करतात, त्याला बहुविद्याशाखीय संशोधन म्हणतात. भारतीय उपखंडातील गिधाडे का नाहीशी झाली, याचा शोध हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांना १९९०च्या दशकात राजस्थानातील केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गिधाडे झपाट्याने कमी होताना आढळली. देशभरातील पाहणीनुसार १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली. पक्षिशास्त्राने घट सिद्ध केली. कारण मात्र हाती लागेना. संशय साथीच्या रोगावर आणि कीटकनाशकांवर होता.

उत्तर मिळाले ते पाकिस्तानातील मृत गिधाडांच्या शवविच्छेदनातून. अमेरिकी पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना बहुतेक गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झालेली आणि आतील अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचलेला दिसला. विषाणू किंवा कीटकनाशकाचा पुरावा मिळाला नाही. तेव्हा त्यांनी पशुवैद्य आणि औषधविक्रेत्यांकडे चौकशी केली, की गिधाडे ज्यांची मढी खातात त्या गुरांना कोणती औषधे दिली जातात? त्यातून डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक पुढे आले. मूत्रपिंडे निकामी होऊन मेलेल्या, तपासलेल्या २५ही गिधाडांत ते सापडले. अन्य कारणांनी मेलेल्या १३पैकी एकातही नाही. हे संशोधन २००४मध्ये प्रसिद्ध झाले.

पण मोजक्याच जनावरांच्या मढ्यांत असलेले औषध कोट्यवधी पक्षी कसे संपवील? हे कोडे संख्याशास्त्राने सोडवले. एका मढ्यावर गिधाडांचा थवाच्या थवा तुटून पडतो आणि मादी वर्षाला एकच अंडे घालते. त्यामुळे शंभरात एकापेक्षाही कमी मढी विषारी असली, तरी एवढी घट होऊ शकते, असे गणिताने दाखवले.

निदानानंतर पर्यायाची गरज होती, कारण दुखणाऱ्या गुराला औषध तर द्यावेच लागते. औषधशास्त्रज्ञांनी मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित असल्याचे दाखवले आणि २००६मध्ये भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचत राहिल्या. म्हणून २०१५मध्ये इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरपुरती मर्यादित करण्यात आली. प्रयोगशाळेतील निष्कर्ष बाजारातील व्यवहाराशी जोडला गेला नसता, तर बंदी कागदावरच राहिली असती.

गिधाडांच्या या घटीची सामाजिक किंमतही मोजली गेली. मढी उघड्यावर कुजू लागली, पाणी दूषित झाले, भटकी कुत्री वाढून रेबीजचा धोका वाढला. मृतदेह गिधाडांच्या हवाली करण्याची प्रथा असलेल्या मुंबईतील पारशी समाजाला डुंगरवाडी या अंत्यविधीच्या जागी मृतदेहांच्या विघटनासाठी सौर संकेंद्रकांचा आधार घ्यावा लागला. अर्थतज्ज्ञ इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांनी गिधाडांच्या अधिवासाचे जिल्हे इतर जिल्ह्यांशी ताडून पाहिले. गिधाडांच्या जिल्ह्यांतील मानवी मृत्युदर ४ टक्क्यांहून अधिक वाढल्याचा आणि २०००–२००५ या काळात सुमारे ५ लाख जादा मृत्यू झाल्याचा त्यांचा अंदाज आहे.

अशा संशोधनात प्रत्येक शास्त्राने आपली पद्धत सोडायची नसते. एकाचे उत्तर जिथे थांबते, तिथून दुसऱ्याने प्रश्न हाती घ्यायचा असतो. त्याला वेळ लागतो आणि गिधाडांसारख्या सावकाश वाढणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत तो विलंब महाग पडतो. म्हणून नवे पशुऔषध बाजारात येण्याआधीच गिधाडांवरील त्याचा परिणाम तपासला जावा, अशी संवर्धकांची मागणी आहे.