दार ओळखणारा माणूस

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ‘मुख्य दाराला कार्ड सिस्टीम बसवायची’ हा ठराव आजकाल चटकन मंजूर होतो. पुढचं काम मात्र बहुतेक कमिट्या उलट्या क्रमाने करतात. आधी यंत्र ठरतं, चेहरा ओळखणारं की बोटाचा ठसा घेणारं. मग तीन कोटेशनं येतात, सगळ्यात कमी रकमेवर शिक्कामोर्तब होतं आणि विकणारा कुणाला तरी ड्रिल देऊन पाठवतो. दाराकडे कुणी पाहिलेलंच नसतं. खरं तर हे काम आधी दाराचं, मग विजेचं आणि सगळ्यात शेवटी संगणकाचं. म्हणून यंत्राआधी माणूस शोधावा. कुलपाच्या कामात मुरलेला, वायरिंग समजणारा आणि रात्री अकराला फोन केला तर तासाभरात पोचेल इतक्या जवळचा.

असा कारागीर पहिल्या भेटीत कॅटलॉग उघडत नाही. तो दार दोन-चारदा उघडून सोडून देतो. ते आपलं आपण पूर्ण मिटतं का, बिजागरी खाली बसली आहे का, चौकट ओळंब्यात आहे का, पावसाळ्यात लाकूड फुगून दार घासतं का, हे बघतो. डोअर क्लोजर ढिला असेल तर आधी तो बदलायला सांगतो. दार बोटभर उघडं राहत असेल तर महागातलं महाग कुलूपही निरुपयोगी.

या दारांवर बहुधा मॅग्नेटिक लॉक बसतं; कारागीर त्याला ‘ईएम लॉक’ म्हणतात. चौकटीवर विद्युतचुंबक, दारावर लोखंडी पट्टी, एवढीच त्याची रचना. सर्रास मिळणारी मापं ६०० आणि १२०० पौंडांची, म्हणजे दार ओढून काढायला साधारण २७० किंवा ५४० किलोंचा जोर लागावा. पण पट्टी चुंबकावर सपाट टेकली तरच हा आकडा खरा. त्यासाठी पट्टीच्या मधल्या बोल्टवर रबरी वॉशर देतात आणि पट्टी किंचित हलती ठेवतात, म्हणजे दार मिटताना ती आपोआप जुळून बसते. नवशिका ती पक्की आवळून टाकतो. मग पट्टी तिरकी राहते, कागदाएवढी फट पडते आणि पकड कितीतरी घटते. कोटेशन देणाऱ्याला सहज विचारून पाहा, पट्टी घट्ट आवळायची की हलती ठेवायची? त्या उत्तरावरून त्याचा हात कळतो.

दुसरा प्रश्न कंट्रोलर कुठे बसणार हा. स्वस्त सेटमध्ये कार्ड वाचणारा रीडर आणि दार सोडणारा रिले एकाच डबीत असतात आणि ती डबी बाहेरच्या भिंतीवर असते. ती उचकटून योग्य वायरींशी खेळलं की कार्डाची गरजच उरत नाही. म्हणून बाहेर फक्त रीडर हवा. कंट्रोलर आत, कुलूपबंद पेटीत. कार्डांचंही तसंच. १२५ किलोहर्ट्‌झच्या साध्या कार्डात नुसता एक क्रमांक असतो, त्याची नक्कल चुटकीसरशी होते. १३.५६ मेगाहर्ट्‌झच्या मायफेअर क्लासिक कार्डाचं कूटलेखनही २००८ साली नेदरलँड्समधल्या राडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी फोडून दाखवलं. नव्याने बसवताना डेसफायरसारखं पुढच्या पिढीचं कार्ड मागावं.

सभांमध्ये चर्चा होते ती चोर आत येऊ नये याची. मला त्याहून मोठी काळजी वाटते ती आतल्यांना बाहेर पडता येण्याची. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ च्या चौथ्या भागानुसार बाहेर पडण्याचं दार आतल्या बाजूने किल्लीशिवाय उघडता आलंच पाहिजे. ईएम लॉकचा गुण असा की वीज गेली की ते सुटतं. पण आपण त्याला बॅटरी जोडतो! १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी, अर्धा अँपिअर ओढणारं कुलूप. कागदावर १४ तास, रीडर-कंट्रोलरचा भार धरला तर त्याहून बरेच कमी, तरी कित्येक तास. म्हणजे आग लागून मेन स्विच पडला तरी ती बॅटरी दार धरूनच ठेवणार. त्यामुळे दोन गोष्टींवर तडजोड नको. फायर अलार्म वाजताच कुलपाचा पुरवठा तुटला पाहिजे. आणि आतल्या बाजूला काच फोडून दाबायचं आणीबाणीचं बटण हवं, कंट्रोलरला वगळून थेट कुलपाची वीज तोडणारं. जिन्याच्या किंवा गच्चीच्या दाराला हात लावण्याआधी तर राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याखालच्या परवानाधारक एजन्सीचा सल्ला घ्यावाच.

बोटाच्या ठशाबद्दलही सांगायला हवं. रोज साबणपाण्यात हात घालणाऱ्या ताईंचे, सिमेंट हाताळणाऱ्या गवंड्यांचे ठसे झिजतात आणि यंत्र त्यांना वारंवार नाकारतं. ज्यांच्या कष्टांवर इमारत चालते त्यांना रोज सकाळी वॉचमनची विनवणी करत दाराबाहेर उभं करणं मला मुळीच पटत नाही. त्यांना कार्ड द्यावं. शिवाय हरवलेलं कार्ड बाद करता येतं, बोट बदलता येत नाही.

आता माणूस कुठे शोधायचा? इंटरनेटवर ‘जवळचा’ म्हणून दिसणारा नंबर पुष्कळदा दूरच्या कॉल सेंटरचा निघतो. त्यापेक्षा आसपासच्या, तीन-चार वर्षांपूर्वी सिस्टीम बसवलेल्या सोसायट्यांत जावं आणि सेक्रेटरींच्या आधी वॉचमनला विचारावं. दार कितीदा अडतं आणि बोलावल्यावर कोण येतं, हे त्याला तोंडपाठ असतं. मुंबईत लोहार चाळ नि लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली इथले दुकानदारही बसवणाऱ्यांची नावं सांगतात. किल्ल्यांच्या पिढीजात धंद्यातून या कामात उतरलेला तरुण भेटला तर त्याला जरूर संधी द्या. कानस चालवलेल्या हाताला धातूचा अंदाज असतो. त्याला एकट्याला वायरिंग जमत नसेल तर इलेक्ट्रिशियनसोबत जोडीने काम घेऊ द्यावं. अख्ख्या इमारतीचं दार हाती द्यायचं म्हणजे ओळखपत्र, पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला आणि पक्कं बिल मागण्यात संकोच नको. प्रामाणिक माणूस त्याने दुखावत नाही.

काम संपल्याच्या दिवशी मेन स्विच पाडून, बॅटरीवर आणि बॅटरी काढून, अशी दोन्ही वेळा दारं तपासावीत. काचेचं बटण दाबावं, अलार्म वाजवावा. कंपनीचा मूळ पासवर्ड तिथल्या तिथे बदलून घ्यावा. वायरिंगचा आराखडा आणि कंट्रोलरच्या पेटीची किल्ली सोसायटीच्या दप्तरात जमा व्हावी, बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करने लिहिलेली असावी. दोन-तीन वर्षांत ती बदलावी लागते. रकमेचा शेवटचा हप्ता हे सगळं झाल्यावर द्यावा.