मुलांना घेऊन नांदूर मध्यमेश्वरला जा!

थंडीतला एक रविवार मोकळा ठेवा आणि नाशिक जिल्ह्यातलं, निफाड तालुक्यातलं हे पक्षी अभयारण्य गाठा. २०२० मध्ये रामसर यादीत आलेली ही महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिशकाळात बंधारा बांधला गेला. वर्षानुवर्षं मागे गाळ साचत गेला, उथळ पाणी पसरलं, बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या. धरणासाठी गाळ म्हणजे डोकेदुखी, पण चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या पक्ष्यांसाठी तेच भरलेलं ताट!

चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत. उजाडता उजाडता पोहोचा. उन्हं चढली की मजा कमी होते. मुलांना आधी हळदी-कुंकू बदक शोधायला सांगा : चोचीचं टोक पिवळं, मुळाशी लाल ठिपके. मग जांभळी पाणकोंबडी, चक्रवाक. नशीब असेल तर हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंबही दिसतात.

दुर्बीण हवीच, एकीत सगळ्या घराचं भागतं. कपडे मातकट रंगाचे घाला. आणि कृपा करून, पक्षी उडावेत म्हणून टाळ्या वाजवू नका. लांबच्या प्रवासानंतर ते इथे खायला आणि विसावायला आलेले असतात.