कॉफीचे जाते कसे निवडावे?

काळी नदीच्या काठी वसलेल्या आमच्या गणेशगुडीत दोन प्रकारची कॉफी सुखाने नांदते. पहिली मराठी घरांतली. ती दुधात उकळलेली, जायफळाचा वास असलेली, आणि पाहुणा आला म्हणजे कपबशीतून पुढे येणारी. दुसरी कर्नाटकातील फिल्टरची. ती दोन मजली भांड्यातून थेंबथेंब उतरलेल्या अर्कात गरम दूध घालून केलेली. दोन्ही कॉफ्यांची चव अखेर एकाच गोष्टीवर अवलंबून असते, ती म्हणजे भाजलेली बी कशी दळली गेली ही. परंतु घरात फिल्टर निवडताना आपण दहा दुकाने पाहतो, आणि दळण्याचे यंत्र मात्र दुकानदार देईल ते उचलतो. ही चूक आमच्याही घरात घडली.

थोरल्या वहिनींनी नदी आणि जंगल पाहण्यास येणाऱ्या प्रवाशांसाठी घरच्या दोन खोल्यांत उतरण्याची आणि न्याहारीची सोय केली. ताजी दळलेली कॉफी देण्याचा त्यांचा मनोदय होता. शहरातील एका दुकानातून विजेवर चालणारे एक चकचकीत यंत्र आणले गेले. पहिले दोन महिने बरे गेले. मग कॉफी एके दिवशी कडू, तर दुसऱ्या दिवशी पांचट होऊ लागली. पाहुणे तक्रार करीत नसत, पण अर्धा पेला तसाच ठेवून उठत. ज्या घराची मिळकत पाहुण्याच्या समाधानावर चालते त्या घराला तो अर्धा पेला फार बोलका असतो. वहिनींनी बी बदलली, दूध बदलले, फिल्टरही बदलला. अखेर आजी स्वयंपाकघरात आल्या, यंत्राची वरची चकती बोटाने हलवून पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, ह्याची खीळच डुलते आहे. डुलणाऱ्या जात्यात अर्धे पीठ आणि अर्धी भरड. चव कुठून येणार?"

आजींनी जन्मात कॉफी दळली नव्हती. परंतु जाते त्यांना ठाऊक होते, आणि कॉफीच्या यंत्राची सारी विद्या त्या एका वाक्यात होती. ती आता थोडी उलगडून पाहू.

प्रथम, दळण सारखे का असावे? गुळाचा खडा आणि किसलेला गूळ एकाच वेळी पाण्यात टाकून पाहावा. कीस लगेच विरघळतो, खडा तसाच राहतो. कॉफीचेही तसेच आहे. बारीक कणातील द्रव्ये पाण्यात चटकन उतरतात, जाड्या कणातील सावकाश. बारीक कणातून गोडवा आणि सुगंध आधी येतो, आणि पाणी फार वेळ लागले की पाठोपाठ कडवटपणा उतरू लागतो. जाड कणातून तेवढ्या वेळात पुरेसे काही निघतच नाही, आणि पेय आंबटसर व पाणचट लागते. भुकटीत दोन्ही प्रकारचे कण मिसळलेले असले म्हणजे एकाच पेल्यात कडूपणाही येतो आणि पांचटपणाही. वहिनींच्या कॉफीला नेमका हाच रोग जडला होता.

दुसरा प्रश्न असा, की बाजारातून तयार भुकटीच का आणू नये? ह्याचे उत्तर गणितात आहे. १ सेंटिमीटर बाजूचा घन घेतला तर त्याच्या सहा बाजूंचे मिळून क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर होते. त्याचेच १ मिलिमीटर बाजूचे १००० घन केले तर एकूण क्षेत्रफळ ६० चौरस सेंटिमीटर होते. वजन तेच, पण हवा लागण्याची जागा दसपट. म्हणून भाजलेली अखंड बी घट्ट झाकणाच्या डब्यात काही आठवडे चांगली राहते, पण तिची भुकटी थोड्याच दिवसांत सुगंध गमावते. आमच्याकडच्या पावसाळ्यात तर ती दमट होऊन गोळेही धरते.

घरी दळण्याचा आणखी एक लाभ आहे. आपण काय पीत आहोत हे आपल्याला कळते. दक्षिणेत कॉफीत चिकोरी, म्हणजे एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळांची भुकटी, मिसळण्याचा प्रघात आहे. ती अपायकारक नव्हे, आणि पुष्कळांना तिची दाट चव आवडते. भारतातील नियमाप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी निम्म्याहून अधिक, किमान ५१ टक्के, असावी लागते आणि तिचे प्रमाण वेष्टनावर छापावे लागते. परंतु सुट्या भुकटीला वेष्टन नसते. तेव्हा विद्यार्थ्यांनी हा प्रयोग करून पाहावा. काचेच्या पेल्यात थंड पाणी घेऊन त्यावर चिमूटभर भुकटी हलकेच भुरभुरावी. कॉफीचे कण बराच वेळ तरंगत राहतात. चिकोरी मात्र लवकर तळाशी जाऊ लागते आणि जाताना पाण्यात तांबूस रेघा सोडते.

ही बी आपल्याकडे आली कशी, ह्याची हकीकतही मनोरंजक आहे. सतराव्या शतकात बाबा बुडन नावाच्या सूफी साधूने येमेनमधील मोखा बंदरातून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरागत समजूत आहे. त्या डोंगररांगेला आजही त्यांचेच नाव आहे. आज भारतातील कॉफीचा फार मोठा वाटा एकट्या कर्नाटकात, मुख्यतः कोडगू, चिकमगळूर आणि हासन ह्या जिल्ह्यांत पिकतो. महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्यालाही कॉफीचे मळे आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. प्रारंभी लोक भाजलेली बी उखळात कुटत. पुढे हातचक्क्या आल्या. जी फ्रेंच प्यूजो कंपनी नंतर मोटारींसाठी प्रसिद्ध झाली, तिने १८४० साली कॉफीच्या चक्क्या तयार करण्यास प्रारंभ केला होता.

आता यंत्रांचे प्रकार पाहू. बाहेरून ती शेकडो तऱ्हांची दिसली, तरी आत मुळात दोनच जाती आहेत. एक खलबत्त्याच्या कुळातली आणि दुसरी जात्याच्या.

पहिल्या जातीत एक पाते मिनिटाला हजारो फेरे घेत बियांना फटकारते. आपल्या स्वयंपाकघरातील मिक्सरचे लहान भांडे ह्याच जातीचे. जो कण पात्याखाली पुनःपुन्हा येतो त्याचे पीठ होते, जो कडेला चिकटतो तो जाडच राहतो. शिवाय घर्षणाने भुकटी तापते आणि सुगंध उडून जातो. असे असले तरी हे यंत्र स्वस्त असते, आणि उकळून गाळलेल्या दुधाच्या कॉफीला ते चालून जाते. ज्यांच्या घरी मिक्सर आहे त्यांनी दुसरे पात्याचे यंत्र घेऊ नये. मिक्सरच दोन-तीन सेकंद चालवून थांबवावा, भांडे हलवावे, पुन्हा चालवावा. एवढ्याने दळणात पुष्कळ सुधारणा होते.

दुसऱ्या जातीत दात असलेल्या दोन चकत्या, किंवा एका कड्यात फिरणारा दातेरी शंकू, असतो. जात्यात दाणे वैरले की ते दोन तळ्यांमधून भरडले जात कडेला सरकतात, तसेच येथे घडते. दोन दातेरी भागांत जेवढी फट तेवढाच कण बाहेर पडू शकतो. फट कमी केली की दळण बारीक, वाढवली की जाड. ज्याला कॉफीच्या चवीची आस्था आहे त्याने ह्याच जातीचे यंत्र घ्यावे. ते हाताचे असो वा विजेचे, दळणाचा गुण दातांवर आणि खिळीवर ठरतो, मोटारीवर नव्हे.

खीळ हा ह्यातला प्राण होय. गणेशगुडीच्या मुलांना हे समजावून सांगण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आमचे सुपा धरण १०१ मीटर उंच आहे आणि त्याच्या पायथ्याच्या वीजगृहात ५० मेगावॅटची दोन जनित्रे आहेत. पाण्याच्या जोराने फिरणाऱ्या त्या अवजड चक्रांचा दांडा दोहों अंगी नीट धरून ठेवावा लागतो. तो डगमगला तर सारे यंत्रच खिळखिळे होईल. कॉफीच्या चक्कीतही फिरणारा दांडा वर आणि खाली अशा दोन ठिकाणी धरलेला असावा. स्वस्त चक्कीत तो एकाच ठिकाणी, आणि तेही प्लॅस्टिकच्या आधारावर, टेकलेला असतो. दुकानात चक्की हातात घेऊन दांडा बाजूला हलवून पाहावा. तो खटखटला तर चक्की परत ठेवावी, मग रंग कितीही सुंदर असो.

दात पोलादी असावेत की चिनी मातीचे? चिनी मातीचे दात गंजत नाहीत, पण ठिसूळ असतात. बियांत एखादा खडा निघाला तर त्यांचा टवका उडतो. पोलादी दात अधिक धारदार असतात आणि दळण लवकर उरकतात, मात्र दमट हवेत त्यांना कोरडे राखावे लागते. कसेही असोत, बी दळण्यापूर्वी तांदळाप्रमाणे निवडून घ्यावी. हलकी भाजलेली बी कठीण असते आणि हाताला जड जाते. काळपट भाजलेली ठिसूळ असते आणि सहज दळते.

फट कमीजास्त करण्याची सोय कशी आहे हेही पाहावे. कळ फिरवल्यावर ती ठरल्या जागी पक्की बसली पाहिजे. दळताना ती आपोआप सरकत असेल तर आजची चव उद्या मिळणार नाही. दळणाचा अंदाज आपल्याच शब्दांत लक्षात ठेवावा. पाण्यात चार मिनिटे मुरवून वरून दाबायच्या कॉफीला भरड, दुधात उकळायच्या कॉफीला जाडा रवा, दक्षिणी फिल्टरला बारीक रवा, आणि तुर्की पद्धतीच्या कॉफीला पीठ. फिल्टरमध्ये पीठ घातले तर छिद्रे बुजून अर्क उतरत नाही, आणि भरड घातली तर पाणी भरभर खाली जाऊन फिके पडते.

हाताची चक्की घ्यावी की विजेची, हे घरातील माणसे मोजून ठरवावे. एका पेल्याला साधारण १० ग्रॅम भुकटी धरली, तर चौघांना ४० ग्रॅम लागते. हातचक्कीत एका वेळी २० ते ३० ग्रॅम बी मावते. म्हणजे दोन भरणीत काम होते, आणि वीज गेली तरी कॉफी अडत नाही. आमच्या भागात पावसाळ्यात तारांवर झाडे पडतात, तेव्हा वीजगृहाच्या शेजारी राहूनही आम्ही अंधारात बसतो. अशा वेळी हातचक्कीची किंमत कळते. परंतु दहा पाहुण्यांना १०० ग्रॅम दळायचे तर हात भरून येतील. तेथे विजेची चक्कीच हवी. तिचे दात जात्याच्या जातीचेच आहेत ना, सुटे भाग मिळतात का, आणि दुरुस्ती कोठे होते, हे तीन प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारावेत. आमच्या त्या यंत्राचे प्लॅस्टिकचे चाक झिजून खीळ सैल झाली होती, आणि ते एवढेसे चाक कोठेच मिळेना. एका चाकावाचून सारे यंत्र अडगळीत गेले. जे दुरुस्त होत नाही ते स्वस्तात मिळाले तरी महागच पडते.

दळणाची परीक्षा घरी करता येते. मूठभर बी दळून भुकटी प्रथम रव्याच्या चाळणीने आणि मग मैद्याच्या चाळणीने चाळावी. तीन ढीग होतील. फिल्टरसाठी दळलेली भुकटी बहुतांश मधल्या ढिगात, म्हणजे रव्याच्या चाळणीतून पडून मैद्याच्या चाळणीवर उरलेली, असावी. दोन्ही टोकांचे ढीग मोठे आणि मधला लहान असेल तर दोष यंत्रात आहे. हे प्रयोगशाळेतील मोजमाप नव्हे, परंतु दोन चक्क्यांची तुलना करण्यास पुरेसे आहे.

निगा म्हणाल तर थोडकीच. दर आठवड्यास दात कोरड्या ब्रशाने झाडावेत. कॉफीच्या बीत तेल असते, ते साचून खवट झाले की नव्या बीलाही वास लागतो. पोलादी दातांना पाणी लावू नये. कोरड्या हवेत भुकटी विजेच्या भारामुळे भांड्याला चिकटते. त्यासाठी दळण्यापूर्वी बियांवर पाण्याचा एकच थेंब चोळला की पुरते. आणि जात्याला जशी अधूनमधून टाकी लावावी लागते, तसे चक्कीचे दात काही वर्षांनी बोथट होतात, तेव्हा ते बदलता येणारे असावेत.

वहिनींनी पुढे काय केले? पुढच्या हंगामापूर्वी त्या स्वतः दुकानात गेल्या आणि बरोबर आजींना नेले. दुकानदार मोटारीची शक्ती सांगत होता, आजी खीळ हलवून पाहत होत्या. तीन यंत्रे बाजूला सारल्यावर चौथ्याला त्या म्हणाल्या, "हे बसलंय." ते दिसायला साधे होते आणि किमतीने जरा अधिक. त्याबरोबर विजेअभावी अडू नये म्हणून एक लहान हातचक्कीही घेतली. त्या हंगामात पेले रिकामे परत येऊ लागले. आजींनीही पहिल्यांदा फिल्टरची कॉफी चाखली आणि जायफळ कुठे आहे म्हणून विचारले.