ध्यानात राहिलेला पाऊस

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडला पावसाचा विषय निघाला की पहिलं नाव २००५ चं. २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर कोसळला आणि इकडे उल्हास खोऱ्यात हाहाकार झाला. २००९ चा जून मात्र कुणी काढत नाही. त्या महिन्यात देशभर निम्माच म्हणावा इतका पाऊस झाला होता. पूर एका रात्रीत येतो आणि त्याची गोष्ट होते. न आलेल्या पावसाची गोष्ट कशी सांगायची?

गप्पांपुरतं असतं तर ठीक, पण भाताचं बी याच आठवणींवर ठरतं. हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं, घ्यावं तर ते ऐन हस्तात पिकतं. हत्ती, म्हणजे हस्ताचा पाऊस, बरसला की लोंब्या आडव्या. गरवं, म्हणजे उशिरा तयार होणारं, घ्यावं तर पाऊस लवकर गेल्यास उंचावरच्या शेतात दाणाच भरत नाही. २०१९ ला दिवाळीच्या सुमारास, क्यार वादळाच्या दिवसांत, कापून ठेवलेलं भात दोन्ही तालुक्यांत भिजलं. ज्याचं जे गेलं, तेच त्याच्या डोक्यात बसलं. चटकन आठवतं तेच नेहमी घडतं असं माणूस धरून चालतो, हे मानसशास्त्रज्ञ ट्वर्स्की आणि कानेमन यांनी १९७३ साली मांडलं होतं.

जुन्यांनी यावर तोड काढली होती. मृगापासून हस्तापर्यंत नऊ नक्षत्रं, म्हणजे आठवण ठेवायला चार महिन्यांचे नऊ कप्पे. माणसाच्या मनात एका वेळी सात, फार तर नऊ गोष्टी मावतात, असं जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये लिहिलं. पुढच्या संशोधनात तो आकडा चारच्या आसपास आला. आमच्याकडेही बोलण्यात मृग, तरणा (पुनर्वसू), म्हातारा (पुष्य) आणि हत्ती एवढेच जास्त येतात. योगायोगच, पण गमतीचा.

२०२३ ला मृग कोरडाच सरला. मुंबईत आणि दिल्लीत पाऊस एकाच दिवशी, २५ जूनला पोचला. १९ जुलैला रायगडात इरशाळवाडीवर दरड कोसळली. मग आला ऑगस्ट, १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा. आज २०२३ म्हटलं की दरड डोळ्यांपुढे येते, ऑगस्ट नाही.

आता मोबाइलवर रोज अंदाज येतो, टक्के आणि मिलिमीटरसकट. तो वाचून होतो, मोबाइल खिशात जातो, आणि बांधावरून शेजाऱ्याला हाक जाते, "काय रे, यंदा हत्ती कसा जाईल?"