सर्वांत वाईट चित्रपटाचे चाहते

काही चित्रपट पाहून माणसे रडतात, काही पाहून हसतात. ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ पाहिलेली माणसे मात्र भांडतात. गेल्या दिवाळीत आमच्या घरी हेच झाले. फराळानंतर कन्येने संगणकावर हा जुना अमेरिकन चित्रपट लावला. वीस मिनिटांत आमचे मेहुणे “काय हा पोरखेळ!” म्हणत चकलीचा डबा घेऊन आतल्या खोलीत गेले. कन्या हसून लोळत होती. हसू मलाही येत होते. परंतु कुणाच्या तरी फजितीला आपण हसतो आहोत, हे मनातून जाईना.

कथा म्हणावी तर अशी : माणूस एक दिवस सूर्यप्रकाशाचाच स्फोट घडवील आणि सारे विश्व जाळील, या धास्तीने परग्रहवासी पृथ्वीवर येतात. माणूस ऐकत नाही, तेव्हा ते आपली नववी योजना काढतात. थडग्यांतली प्रेते उठवायची! विषय तसा भारदस्त. पण दिग्दर्शक एड वुड यांच्या खिशात पैसा नव्हता. त्यामुळे दफनभूमीतले दगड धक्का लागताच डुलतात, वैमानिकांच्या कक्षाला दाराऐवजी पडदा आहे, आणि एकाच प्रसंगात क्षणात दिवस तर क्षणात रात्र! भांडवल एका बॅप्टिस्ट चर्चमधल्या भाविकांचे. ‘ग्रेव्ह रॉबर्स’, म्हणजे थडगेचोर, हे मूळ नाव त्यांना रुचले नाही, म्हणून ते बदलले. शिवाय वुड आणि त्यांच्या काही सोबत्यांनी बाप्तिस्माही घेतला. नाटकमंडळ्यांचे भांडवलपुराण ज्यांनी ऐकले आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

परंतु खरी गोष्ट आहे ती बेला लुगोसी यांची. १९३१ च्या ‘ड्रॅक्युला’ने जगभर गाजलेला हा नट उतारवयात मॉर्फीनच्या आहारी गेला, कामे मिळेनाशी झाली. त्या दिवसांत वुड यांनी त्यांना भूमिका दिल्या. ऑगस्ट १९५६ मध्ये लुगोसी वारले. त्यांचे थोडेसे मूक चित्रण वुड यांच्यापाशी उरले होते. ते त्यांनी या चित्रपटात गुंफले. बाकीच्या भूमिकेसाठी उभे केले टॉम मेसन यांना. हे नट नव्हेत. वुड यांच्या पत्नीच्या मणक्यांवर उपचार करणारे गृहस्थ! चेहरा जुळेना, म्हणून बिचारे सतत तोंडापुढे झगा धरून वावरतात. प्रेक्षक येथे पोट धरून हसतात. आणि त्याच चित्रपटात खरे लुगोसी घराबाहेर येतात, एक फूल खुडतात. तो थकलेला चेहरा पाहताना मात्र आमची कन्याही गप्प झाली.

चित्रपट १९५७ मध्ये प्रथम दाखवला गेला, सर्वत्र आला तो त्यानंतर, आणि विसरला गेला. पुढे १९८० साली मेडवेड बंधूंच्या पुस्तकाने त्याला आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट ठरवले, आणि त्याचे भाग्य उजळले! लोक मुद्दाम पाहू लागले. कुणी टवाळीसाठी, कुणी मनापासून. बॉम्बच्या वेडावरची ही गंभीर टीका आहे, असे काही चाहते म्हणतात. मला ते पटत नाही. तीच गोष्ट १९५१ च्या ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ने कितीतरी नेटकेपणाने सांगितली होती. पण ‘सर्वांत वाईट’ हेही मान्य नाही. परीक्षेचे पेपर तपासताना एकही चूक नसलेले निबंध मी गठ्ठा बांधायच्या आत विसरतो. चुकांनी बुजबुजलेला, पण जीव तोडून लिहिलेला एखादा वर्षानुवर्षे आठवतो. गुण मात्र त्याला कमीच द्यावे लागतात.

वुड यांच्यावर टिम बर्टन यांनी १९९४ मध्ये चित्रपट काढला. त्यात लुगोसी साकारणाऱ्या मार्टिन लँडाऊ यांना ऑस्करही मिळाले. स्वतः वुड १० डिसेंबर १९७८ रोजी वारले, भाड्याच्या घरातून बाहेर काढले गेल्यावर काही दिवसांतच. टवाळी नाही आणि कौतुकही नाही, दोन्ही ऐकायला ते उरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मेहुण्यांनी हळूच विचारले, “काय गं, त्या झगेवाल्याने शेवटी तोंड दाखवले का?”

“नाही, मामा.”

“मग लाव बघू पुन्हा. कुठे सोडला होता मी?”