रक्त न गोठूं देणारीं औषधें

जखम झाली असतां वाहणारें रक्त थोड्याच वेळांत गोठतें, ही परमेश्वराची मोठीच कृपा होय. परंतु तेंच रक्त हृदयाच्या किंवा मेंदूच्या वाहिनींत गोठलें, तर प्राणावर बेततें. तें टाळणाऱ्या औषधांस लोक ‘रक्त पातळ करणारीं’ म्हणतात. वस्तुतः त्यांनीं रक्त पातळ होत नाहीं, त्याची गोठण्याची शक्ति मात्र मंदावते.

हें कार्य निरनिराळ्या मार्गांनीं होतें. अ‍ॅस्पिरिन हें रक्तांतील बिंबिका नांवाच्या सूक्ष्म कणांस एकमेकांस चिकटूं देत नाहीं. वॉरफरिन हें ‘के’ जीवनसत्त्वाच्या कार्यांत अडथळा आणून, रक्त गोठविणारीं जीं द्रव्यें यकृतांत तयार होतात, तीं कमी करतें. १९४८ सालीं उंदरांचें विष म्हणून बाजारांत आलेलें हें औषध १९५४ सालीं माणसांसाठीं मान्य झालें. प्रमाण हेंच येथें सर्वस्व आहे, हें ह्यावरून उमगावें.

आतां हीं दोन्ही एकत्र घ्यावींत काय ? दोन्ही मार्ग एकदम अडविल्यास पोटांत किंवा मेंदूंत रक्तस्राव होण्याचें भय वाढतें. तथापि कांहीं हृदयरोग्यांस डॉक्टर जाणूनबुजून, ठराविक मुदतीपर्यंत, अशीं दोन औषधें देतात. म्हणून धोका दोन गोळ्यांत जितका आहे, त्याहून अधिक एका डॉक्टरची गोळी दुसऱ्यास ठाऊक नसण्यांत आहे.

अंथुर्ण्यासारख्या गांवीं असें सहज घडूं शकतें. हृदयाची गोळी पुण्याच्या किंवा बारामतीच्या डॉक्टरनें दिलेली असते. गुडघे दुखूं लागले म्हणजे जवळच्या दुकानांतून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणलें जातें. तींही रक्तस्रावाचा धोका वाढवितात, हें घरांत कोणास ठाऊक नसतें. झाडपाल्याच्या चूर्णांचीही तीच गोष्ट. मेथी-पालकांत ‘के’ जीवनसत्त्व विपुल असल्यामुळें वॉरफरिन घेणाऱ्यानें त्या भाज्या वर्ज्य करूं नयेत. मात्र त्यांचें प्रमाण नित्य सारखें ठेवावें.

विद्यार्थीमित्रहो, आजीआजोबांच्या सर्व औषधांचीं नांवें, मात्रा व वेळा एका कागदावर लिहा. नवी गोळी घेण्यापूर्वीं तो कागद डॉक्टरांस व औषधविक्रेत्यास दाखवा. वॉरफरिन चालू असल्यास रक्ताची ‘आय. एन. आर.’ तपासणी चुकवूं देऊं नका. बहुतेक रोग्यांत हा आंकडा २ ते ३ च्या दरम्यान राखतात. शौच काळें होणें, लघवी लाल होणें, हिरड्यांतून रक्त न थांबणें, डोक्यास मार लागणें, ह्यांपैकीं कांहींही घडल्यास त्वरित रुग्णालय गांठावें. मात्र भीतीनें आपण होऊन औषध बंद करूं नये. तसें केल्यास ज्या गुठळीस टाळावयाचें, तिलाच वाट मोकळी होते. तुमची साक्षरता घरच्या वडीलधाऱ्यांच्या प्राणरक्षणास उपयोगी पडावी, ह्याहून विद्येचें दुसरें सार्थक कोणतें ?